शून्य की नऊ

१

केवळाबाई शाळेच्या पायरीवर बसली होती आणि देवीचा मुखवटा आपणच चोरला असावा, असं मला सांगत होती. 'असावा' म्हणे. माझं डोकंच सणकलं.

"अगं, चोरलास की नाही, हे तुझं तुला ठाऊक नाही?"

"आठवत न्हाई, बाई. पर बाबाला देवी दाखवती. देवी खोटं बोलंल का? झोपंत उठून गेले असंन."

"मग ठेवलास कुठं?"

"त्येच तर आठवंना झालंय," ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून हुंदके देऊ लागली.

परभणीहून मी ताडकळसला आले ती मुलींची शाळा काढायला. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, मुंबईचं सरकार नुकतंच आलं होतं, आणि मुलींना शिकवायला नर्मदाबाई नावाची एक तोंडाळ विधवा बरी, असं कुणा साहेबाला वाटलं असावं. माझं गणित सगळं उर्दूतून झालेलं. मराठीतून शिकवताना जीभ अडखळायची, पण बेरीज काही अडखळत नव्हती. केवळाबाईची दैवशाला माझ्याच शाळेत यायची. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली शाळेत येणारी ती पहिलीच पोर, म्हणून माझा तिच्यावर जरा जास्तच जीव.

घटस्थापनेच्या आदल्या सांजेला गावदेवीचा चांदीचा मुखवटा देवळातून गेला. दार फोडलेलं नव्हतं. त्या सांजेला आत गेलेली माणसं तीन: किल्ली सांभाळणारा भुजंग गुरव, फुलं घालणारी तानुबाई आणि अंगण झाडणारी ही केवळाबाई. देवस्थानचे पंच माणिकराव यांनी सेलूकडून एक बाबा आणला. त्याला लोक आकडेबाबा म्हणत. मनातला आकडा तो न बघता ओळखायचा, आणि ज्याला मनातलं दिसतं त्याला चोर दिसणारच, असा गावाचा हिशेब. बाबानं तिघांची परीक्षा घेतली आणि केवळाबाईचं नाव घेतलं.

त्याच दिवशी सासूनं दैवशालाला ओढत आपल्या खोपीत नेलं. मुखवटा दे आणि लेक घे, म्हणाली. नवरा आश्रुबा खाली मान घालून मेंढरांत बसला. दसऱ्याच्या पालखीआधी मुखवटा आला नाही तर केवळाबाई-आश्रुबानं देवळाशेजारची खोप मोडून गाव सोडायचं आणि पोर सासूकडं ठेवायची, असं पंचांनी ठरवलं होतं.

"काल आडावर गेले होते," ती म्हणाली. "पाणी भरू देईनात. मग म्हणलं उडी तरी मारू द्या. तर म्हणले, तू पडलीस तर आड नासंल."

तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि चपला घातल्या.

२

मुलांच्या शाळेचे वैजीनाथ गुरुजी शिकलेले, समंजस गृहस्थ. परीक्षेच्या वेळी पाटीवरचं गणित त्यांनीच मांडलं होतं. मी त्यांच्यावरच तुटून पडले.

"गुरुजी, तुम्ही होता तिथं आणि तुम्ही गप्प बसलात?"

"आधी ऐकून तर घ्या, बाई." त्यांनी पाटी ओढली. "बाबा गाभाऱ्यात, दार बंद. आम्ही बाहेर मंडपात. ज्याची परीक्षा त्यानं तोंडाला येतील ते नऊ आकडे सांगायचे. मी त्यांची एक मोठी संख्या लिहायची. मग तीच उलटी लिहायची, आणि मोठीतून लहान वजा करायची. केवळाबाईनं सांगितली ही."

त्यांनी लिहिलं: ९६४३१५०८२. खाली उलटी: २८०५१३४६९. वजाबाकी आली ६८३८०१६१३.

"ही बाकी मी माणिकरावांना दाखवायची आणि पार पिंपळाखाली जाऊन पाठमोरं बसायचं. मग परीक्षा देणाऱ्यानं बाकीतल्या एका आकड्यावर बोट ठेवून तो पुसायचा. उरलेले आकडे माणिकरावांनी मोठ्यानं वाचायचे. आणि पुसलेला आकडा बाबांनी आतून सांगायचा. भुजंगाचा चार सांगितला, चारच होता. तानुबाईचा सात, सातच होता."

मी कपाळाला हात लावला. "अहो, हा तर नवाचा ताळा आहे. चौथीतल्या पोरांना तुम्हीच शिकवता ना?"

संख्या कितीही मोठी घ्या. तिच्या आकड्यांच्या बेरजेला नवानं भागून जी बाकी उरते, तीच त्या संख्येला नवानं भागून उरते. उलटी केली तरी आकडे तेच, म्हणजे ती बाकीही तीच. मग एकीतून दुसरी वजा केली की ती बाकी उडते आणि उत्तराला नवानं पुरता भाग जातो. दर वेळी, हमखास. उत्तराच्या आकड्यांची बेरीज नवाच्या पाढ्यातच पडते. एक आकडा पुसला की बेरीज जितकी कमी पडेल तितका तो आकडा. यात देवी कुठंच नाही.

"भुजंगाच्या उरलेल्या आकड्यांची बेरीज बत्तीस असेल," मी म्हटलं. "पाढ्यात पुढं छत्तीस. चार कमी. झालं तुमच्या बाबाचं दर्शन."

"हो, बत्तीसच होती," गुरुजी शांतपणे म्हणाले. "ताळा मलाही येतो, बाई. दोघांच्या वेळी मी मनात हसत होतो. आता केवळाबाईचं बघा. तिनं मधलं शून्य पुसलं. उरले सहा, आठ, तीन, आठ, एक, सहा, एक, तीन. करा बेरीज."

केली. छत्तीस भरली.

"नवाच्या पाढ्यात पुरी बसते," ते म्हणाले. "मग पुसलेला आकडा शून्य, नाहीतर नऊ. दोन्ही चालतात. शून्य की नऊ, हे ताळ्याला कळत नाही. मला कळत नाही. तुम्हाला कळतं?"

"नाही."

"बाबांना कळलं. शून्य म्हणाले. क्षणभर थांबले नाहीत." गुरुजींनी पाटी खाली ठेवली. "गणित जिथं संपतं त्याच्या पुढचं त्यांनी सांगितलं, बाई. तेव्हा माझं हसू गेलं. मी हात जोडले."

मी भांडायला आले होते. न भांडताच परत निघाले.

३

घरी येऊन भाकरी खाल्ली नाही. केवळाबाई कोपऱ्यात बसून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"तू शून्यच का पुसलंस ग?" मी विचारलं.

"मला काय वाचता येतं, बाई? त्यो वाटोळा होता. दैवशाला पाटीवर पयलं त्येच काढायला शिकली, म्हणून बोट गेलं. तवा बाबा आतून वराडला, शून्य, देवीच्या डोळ्याला हात लावला पापिणीनं, हीच चोर. सगळ्यायला त्यानं आधी बजावलं होतं म्हणं, शून्याला बोट लावायचं न्हाई. मला शून्य म्हंजे काय, ठावं न्हवतं."

हे ऐकलं आणि मी ताडकन उभी राहिले. शून्याला बोट लावायचं नाही, असा नियम. अरे लबाडा. शून्य की नऊ, हे तुला कळत नाही, म्हणून तू शून्य आधीच बाद करून ठेवतोस. मग छत्तीस भरले की डोळे मिटून नऊ म्हणायचं. या बाबानं इथंही नऊच म्हणायला हवं होतं, आणि तो तोंडावर पडायला हवा होता. तो शून्य म्हणाला. म्हणजे त्याला कुणीतरी सांगितलं. देवीनं, नाहीतर माणसानं. देवीशी माझी ओळख नव्हती, म्हणून मी माणसांकडं गेले.

तानुबाई ओसरीवर हार ओवत बसली होती. तिला मी एवढंच विचारलं, की तिची आणि केवळाबाईची परीक्षा यांत काही वेगळं झालं का.

"काय बी न्हाई, बाई. माझं माणिकरावानं एकदा वाचलं, बाबानं सांगितलं. भुजंगाचं बी तसंच. केवळाचं दोनदा वाचलं."

"दोनदा का?"

"बाबाला ऐकू गेलं नसंल."

माणिकराव भेटले ते देवळाच्या ओट्यावर. पांढरीशुभ्र टोपी, बोलणं साखरेसारखं. "या बाई. मुलींची शाळा काय म्हणते?" दोनदा वाचल्याचं विचारलं तर हसले. "कुणीतरी घंटा वाजवली मधेच. माझा आवाज बुडाला. म्हणून पुन्हा वाचलं. तुम्ही हेही विचारत फिरायलात?"

"शिकवायची सवय आहे," मी म्हटलं. "पोरांनी दोनदा वाचलं की का, ते विचारावं लागतं."

ते हसले नाहीत. "बाई, तुम्ही सरकारी माणूस. गावच्या देवाधर्मात पडू नका. ती बाई उद्या स्वतःच कबूल करणार आहे."

मी तशीच मागच्या अंगाला भुजंगाकडं गेले. तो निरांजनं घासत होता. घंटा कुणी वाजवली, असं विचारलं तर त्यानं माझ्याकडं वेड्यासारखं बघितलं.

"घंटा कशी वाजंल? बाबानंच तिच्या लोळीला फडकं बांधायला लावलं. आत नीट ऐकू यावं म्हणून. मीच बांधलं. आजूक बी तसंच हाय, बगा."

मी मंडपात येऊन वर बघितलं. घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोळीला लाल फडकं होतं.

आता नुसतं मोजून काढायचं होतं. शून्य पुसलं गेलं, हे बाबाला कळवायला दोन गोष्टी लागतात. पूर्ण आकडा माहीत हवा, आणि कुठला पुसला ते दिसायला हवं. भुजंगाला अक्षरओळख नाही. गुरुजींना आकडा माहीत होता, पण पुसताना ते पिंपळाखाली पाठमोरे. दोन्ही माहीत असलेला माणूस एकच. त्यानं दोनदा वाचलं, आणि कारण खोटं सांगितलं.

पण हे कुणाला पटायचं? पंचाच्या शब्दापुढं लाल फडक्याची काय किंमत? घरी आले तर कोपरा रिकामा होता. केवळाबाई गेली होती.

४

ती सापडली सासूच्या खोपीसमोर, धुळीत बसलेली. खोपीचं दार आतून लावलेलं होतं.

"उद्या पंचापुढं कबूल कर, मग पोरीला एकदा बगू देऊ म्हणले," ती म्हणाली. "मी हो म्हणलं, बाई. एकदा बगते आन् जाते."

"कुठं जातेस?"

तिनं आडाच्या दिशेनं बघितलंही नाही, पण मला ते कळलं. मी तिचा हात धरला. "तू न केलेलं कबूल करायचं नाही. तुझ्याआधी उद्या मी बोलणार."

"काय करता, बाई? बाबाला समदं दिसतं."

"तेच तर बघायचंय, त्याला काय दिसतं."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सगळं गाव मंडपात. बाबा भगव्या शालीत बसलेला, माणिकराव शेजारी. केवळाबाईला पुढं आणलं तेवढ्यात मी पाटी घेऊन उठले.

"त्या सांजेला मुलींना घेऊन मीही देवळाच्या पायरीपर्यंत आले होते. मग माझी परीक्षा कामून नाही? मी काय देवीपेक्षा मोठी आहे?"

गर्दीत खसखस पिकली. माणिकराव नको म्हणत होते, पण म्हाताऱ्या म्हणाल्या, होऊ द्या की. बाबाला नाही म्हणता येईना. तो गाभाऱ्यात गेला, दार लागलं. मी नऊ आकडे सांगितले, गुरुजींनी मांडले: ९८५२३७१६४. उलटा वजा केला. बाकी आली ५२३५०४५७५. मधोमध शून्य, मला हवं होतं तसं. आकडे तोंडाला आले नव्हते, मी ते रात्री जुळवून ठेवले होते. फसवणाऱ्याला फसवलं तर पाप लागत नाही.

माणिकरावांनी पाटीवरची बाकी नीट वाचली. गुरुजी पिंपळाकडं निघाले तर मी म्हटलं, "आज इथंच थांबा, मी बाईमाणूस, सोबत असू द्या." मग माणिकरावांना म्हटलं, "पाटी वाचण्याआधी देवीला हात जोडा. मागल्या वेळी राहिलं म्हणतात."

ते गाभाऱ्याच्या बंद दाराकडं वळले आणि डोळे मिटून त्यांनी हात जोडले. मी सगळ्या गावासमोर पाटी उंच धरली. ओठावर बोट ठेवलं. शून्य पुसलं, त्या जागी ठळक नऊ काढला. गुरुजींना दाखवला, वाचता येणाऱ्या चार जणांना दाखवला. आणि तो नऊ पुसला. गुरुजींचे डोळे विस्फारले. केवळाबाईच्या जिवावर बेतलंय, हे त्या मंडपात सगळ्यांना कळत होतं, त्यामुळं पोरंसुद्धा गप्प राहिली.

माणिकराव वळले. पाटीवर मधोमध पुसलेली जागा. त्यांच्या हिशेबी तिथं शून्य होतं.

"पाच, दोन, तीन, पाच, चार, पाच, सात, पाच," त्यांनी खणखणीत वाचलं. बेरीज छत्तीस.

मग थोडं थांबून म्हणाले, "पुन्हा वाचतो." आणि पुन्हा वाचलं.

आतून बाबाचा आवाज आला. "शून्य. हिनंही देवीच्या डोळ्याला हात लावला."

मग वैजीनाथ गुरुजी उठले. "शून्य नाही, बाबा. बाईंनी नऊ पुसला. आम्ही सगळ्यांनी पाहिला. पाहिला नाही तो फक्त माणिकरावांनी."

माणिकरावांचं तोंड पांढरं पडलं.

"देवीनं बघितलं असतं तर तिला नऊ दिसला असता," मी म्हटलं. "बाबाला तेच दिसलं, जे माणिकरावांच्या डोक्यात होतं. एकदा वाचलं की आकडा त्याचा तो काढतो. दोनदा वाचलं की शून्य. ही त्यांची खूण. आता दुसरी संख्या घेऊ, आणि मी वाचते."

दाराआडून बाबा म्हणाला, "वाचायचं तर माणिकरावांनाच वाचू द्या."

एवढं बोलला आणि तो संपला. गाभाऱ्याचं दार उघडलं ते भुजंगानं. बाबा बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर शाल नव्हती. त्याला कुणी हात लावण्याआधीच तो सांगू लागला. केवळाबाईचं नाव माणिकरावानं त्याला आधीच दिलेलं होतं. शून्य पुसलं गेलं म्हणून डोळ्याची गोष्ट जोडली, नसतं गेलं तर दुसरं काही जोडलं असतं. मुखवटा माणिकरावाच्या कडब्याच्या गंजीत होता.

गंज उपसली. मुखवटा निघाला, जसाच्या तसा, एक चरासुद्धा नाही. चांदी कुणाला हवीच नव्हती. आश्रुबाची खोप आणि मेंढवाडा देवळाशेजारी होता. तिथून मोटारीचा रस्ता निघणार होता, आणि ती जागा माणिकरावाला हवी होती. बापजाद्यापासून बसलेल्याला उठवायचं कसं? तर चोर ठरवून.

५

दुपारी पालखी निघाली. केवळाबाईला मान द्यायचा म्हणून बाकीच्या पंचांनी लुगडं-चोळी आणली. सासूनं दैवशालाला आणून तिच्या पुढ्यात उभं केलं. पोर आधी आजीचा पदर सोडीना. मग एकदम धावली आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून बसली. केवळाबाईनं लुगड्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, झालं, सुटली बिचारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढवाड्यावर गेले तर आश्रुबा घोड्यावर बिऱ्हाड लादत होता. मेंढरं वाटेला लागली होती. केवळाबाई चुलीचे दगड उचलून बाजूला टाकत होती.

"हे काय ग? आता कामून जातेस? चोर सापडला. गाव पाया पडायलंय तुझ्या."

"पडू द्या."

"तू गेलीस तर जागा रिकामी होते. माणिकरावाला हेच हवं होतं ना? त्याच्या मनासारखं करतेस?"

"करू द्या त्याच्या मनासारखं." ती उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. "बाई, एक सांगा. तुमी शिकलेल्या हाव. देवीनं माझं नाव घेतलं न्हवतं, हे खरं ना?"

"खरं. तो नुसता नवाचा ताळा होता. कुठलीही संख्या घे, नऊच येतो."

"म्हंजे देवी काय बी बोलली न्हाई."

"नाही बोलली."

"मी तिच्या पायरीवर डोकं आपटून घेत होते. पोर दाराआड रडायली होती. माणिकराव देवीच्या पुढ्यात दिवा लावायलेला, रोज. मग तिनं त्याचं नाव कामून घेतलं न्हाई?"

शाळेत पोरींनी विचारलं असतं तर काहीतरी सांगून गप्प बसवलं असतं. तिला सांगता येईना.

तिनं हातातला दगड टाकला. मग दैवशालाला कडेवर घेतलं आणि मेंढरांच्या मागं चालू लागली. वाट देवळासमोरून जात होती. तिथं ती थांबली नाही, तिनं हातही जोडले नाहीत. पोरीनं सवयीनं जोडायला उचललेले हात मात्र तिनं आपल्या हातात धरून खाली केले.